सिंक चालू करत फिरणारा माणूस

माझा धाकटा दीर कुणाच्याही घरी गेला की आधी कॉम्प्युटर कुठे आहे ते बघतो. माणसं नंतर. मग बोलता बोलता उठतो, मॉनिटरच्या खालच्या कडेवरून बोटं फिरवतो, तिथली बारीक बटणं चाचपतो आणि पडद्यावर एक यादी उघडतो. त्या यादीत खाली कुठेतरी 'अडॅप्टिव्ह सिंक' अशी ओळ असते आणि तिच्यापुढे बहुतेक वेळा 'बंद' असं असतं. मग भाऊजी जीभ टाळूला लावून च्‌ च्‌ करतात, ते 'चालू' करतात आणि आंधळ्याला रस्ता ओलांडून दिल्यासारखा चेहरा करून चहाला येऊन बसतात.

विचारायची पद्धत नाही. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवं व्हायच्या आधी त्यांनी हे केलेलं आहे. बँकेत काउंटरपलीकडे वाकून केलेलं आहे. तिथल्या बिचाऱ्या कारकूनबाईच्या पडद्यावर दिवसभर आकडे असतात, आकड्यांना कशाला हवंय सिंक? एकदा तर आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. गेलेल्या माणसाचा मुलगा डोळे पुसत बाहेरच्या खोलीत बसलेला, आणि आतल्या खोलीतून भाऊजींचा आवाज आला, "अरे, हे बंदच ठेवलंय इतके दिवस!" माझ्या जावेने त्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं ते घरी जाईपर्यंत.

आता हे सिंक म्हणजे काय, ते सांगते. मलाही भाऊजींनीच सांगितलं, पण त्यांनी एक दुपार घेतली, मी तितका वेळ घेणार नाही. कॉम्प्युटर खेळातली चित्रं एकामागून एक तयार करतो, पण सारख्या वेगाने नाही. सोपं चित्र असलं की भराभर, अवघड असलं की रखडत. साधा पडदा मात्र आपल्याच ठेक्यात चित्रं दाखवत सुटतो. मग कधी वरच्या अर्ध्या भागात जुनं चित्र आणि खालच्या अर्ध्यात नवं, असं होतं. धंद्यातले लोक त्याला 'चित्र फाटलं' म्हणतात. सिंक चालू असलं की पडदा थांबतो. चित्र आलं की दाखवतो, नाही आलं तर वाट बघतो. थोडक्यात, आतून वाढलं जाईल तेव्हाच घास घ्यायचा, उगाच रिकामं ताट वाजवायचं नाही. चांगली गोष्ट आहे. मला तर हे शोधून काढणाऱ्यांनी आधी माणसांत बसवायला हवं होतं असं वाटतं.

भाऊजी नोकरीला आहेत ते खेळणाऱ्यांसाठी स्वस्तातले मॉनिटर करणाऱ्या कंपनीत. खोक्यावर विजा चमकतायत, कुणीतरी राक्षस डोळे वटारतोय, आणि कोपऱ्यात सिंक असल्याचा भला मोठा स्टिकर. खोकं इतकं आक्रमक की आतला मॉनिटर बघून माणसाला त्याची दयाच यावी. हा मॉनिटर कारखान्यातून निघताना सिंक बंद असे. का, ते भाऊजींना कळत नसे. त्यांनी साहेबांना किती वेळा विचारलं असेल! साहेब म्हणायचे, "बघू." साहेबांच्या शब्दकोशात 'बघू' म्हणजे 'निघा' हे भाऊजींना कोण सांगणार? ते म्हणायचे, "वहिनी, लोक पैसे मोजतात आणि विकत घेतलेली गोष्ट वापरतच नाहीत. कुणी सांगणाराच नाही त्यांना." आणि म्हणून ते सांगत फिरायचे.

त्यांचं काम परत आलेले मॉनिटर तपासायचं. एक लांबट खोली, भिंतींना काळा रंग, टेबलावर परत आलेला माल. भाऊजी एकेक मॉनिटर जोडायचे आणि त्यावर पट्ट्या सोडायचे. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या, डावीकडून उजवीकडे सरकत जाणाऱ्या. सिंक चालू करून पट्ट्या सरळ चालल्या की मॉनिटर चांगला, मोडल्या की वाईट. पट्ट्या नेहमीच सरळ चालायच्या. ग्राहकाने तक्रारीत काहीही लिहिलेलं असो, "अंधार आला की मिचमिचतो", "डोकं दुखतं", "रात्रीचं दृश्य आलं की दिवा गेल्यासारखं होतं", भाऊजी पट्ट्या बघायचे आणि चिठ्ठी चिकटवायचे: दोष नाही. मिचमिचण्याची तक्रार असली तर खाली आणखी एक ओळ, त्यांनी स्वतः तयार केलेली: 'ग्राहकाने एकवार डोळे तपासून घ्यावेत, ही विनंती.' 'ही विनंती' वर त्यांचा फार जीव. त्यामुळे चिठ्ठी सभ्य होते असं त्यांचं म्हणणं.

कंपनीत त्यांना 'पट्टेवाले साहेब' म्हणत. पट्टेवाला म्हणजे शिपाई, हे ध्यानात न घेता ते खूश होते. "पट्ट्या खोटं बोलत नाहीत," हे त्यांचं ब्रीदवाक्य. आणि गंमत बघा. खेळणाऱ्यांच्या पडद्यांवर आयुष्य घालवलेल्या या माणसाने जन्मात एकही खेळ खेळलेला नव्हता. "तो पोरखेळ आहे," म्हणायचे. हलवायाने मिठाईला नाकं मुरडावीत आणि वर गोड किती घालायचं ते जगाला शिकवावं, तशातली गत.

तर या माणसाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी. बापासारखीच हट्टी, पण हिला कुठे हट्ट करायचा ते कळतं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. तिने आपलं आपण ठरवलं. मुलगा दातांचा डॉक्टर, शांत, इतका शांत की मला आधी वाटलं ह्याच्याच दाढेत काही आहे. वडील नाहीत, आईने वाढवलेला. दोन्ही घरांनी एकत्र बसून बोलायचं तेवढं राहिलं होतं. जायच्या आधी पुतणी माझ्याकडे आली.

"काकू, तुम्ही बाबांच्या शेजारी बसा."

"का? पडणार आहेत का ते?"

"तिथे कॉम्प्युटर आहे. त्याच्या आईचा."

"आईचा?"

"काकू, मस्करी नाही. त्याची आई कडक आहे. तिला नाही आवडलं तर तो माझ्यासाठी भांडेल, मला माहितीये. पण मला आई-मुलाचं भांडण लावून त्या घरात जायचं नाही. तशी वेळ आली तर मी नाही म्हणणार. म्हणून सांगते, बाबांना हात लावू देऊ नका."

बापाकडूनही तिने वचन घेतलं. भाऊजींनी दिलंही. जावेने माझ्याकडे बघून फक्त डोळे मिटले.

मुलाची आई म्हणजे होऊ घातलेल्या विहीणबाई. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेल्या. दणकट बाई, केस कापलेले, दार उघडलं ते कानावर हेडफोन घेऊनच. "या, या. बसा. दोन वळणं राहिलीत," म्हणाल्या आणि आम्हाला दारात सोडून परत आत गेल्या. बैठकीच्या खोलीत टेबल, टेबलाला खरं स्टिअरिंग बसवलेलं, खाली पेडल, आणि समोर भाऊजींच्याच कंपनीचा मॉनिटर. डेपोतले जुने सहकारी सुट्टीच्या दुपारी आपापल्या घरी बसून घाटातल्या रस्त्यावर ट्रकांची शर्यत लावत, आणि त्यात बाईंचा नंबर सहसा पहिला. नोकरीत वेगाची मर्यादा, थांबे, वेळापत्रक, सगळं जन्मभर पाळलेलं. आता कुणी अडवायला नव्हतं. वळणावर समोरच्याला कठड्याकडे रेटत त्या ओरडल्या, "सरक बाजूला, मोठा आला पंचरवाला!"

शर्यत संपली. बाई जिंकल्या. हेडफोन काढून माणसात आल्या आणि चहा करायला स्वयंपाकघरात गेल्या. पुतणी त्यांच्या मदतीला गेली. मी मुलाला माझ्या कवळीबद्दल एक प्रश्न विचारला, साधा प्रश्न, आणि मान वळवून बघते तर शेजारची खुर्ची रिकामी. भाऊजी टेबलाशी उभे. हात मॉनिटरच्या खाली.

"भाऊजी!"

"फाटत होतं, वहिनी," ते कुजबुजले. "माझ्या डोळ्यांदेखत फाटत होतं. आणि आपलाच मॉनिटर!"

"बंद करा ते आधी!"

"चालू केलेलं बंद करायला सांगताय?" जणू मी त्यांना कुणाचा तरी गळा दाबायला सांगत होते. तेवढ्यात चहा आला.

बोलणं उत्तम झालं, हे मला नमूद केलंच पाहिजे. बाई सरळ. म्हणाल्या, "मला सून घरात हवी आहे, पण माझ्या स्टिअरिंगवर कपडे वाळत घालणारी नको." पुतणी म्हणाली, "मला सासू हवी आहे, पण माझ्या डब्यात काय आहे ते उघडून बघणारी नको." दोघी हसल्या. जावेच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. इतक्यात फोन वाजला. डेपोतल्या मंडळींना हरल्याचं सोसवेना. आणखी एक फेरी हवी होती.

"एकच फेरी. तुम्हीही बघा," बाई म्हणाल्या आणि आवाज स्पीकरवर टाकला.

सुरुवात झकास झाली. ट्रक घाट चढू लागला आणि बाई म्हणाल्या, "अरे वा! आज गाडी लोण्यासारखी चाललीय. रोज ह्या कठड्याचे तुकडे दिसतात, आज सलग दिसतोय." भाऊजी खुर्चीत फुगले. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की, बघा, जग शेवटी मान्य करतं. मग बोगदा आला. आत अंधार, सगळ्या ट्रकांचे दिवे, धूर, सावल्या. आणि पडदा मिचमिचायला लागला. जायला टेकलेली ट्यूब करते तसा. लख्ख, मंद, लख्ख, मंद. बाईंनी वळण चुकवलं, ट्रक भिंतीवर आदळून आडवा झाला आणि मागचे सगळे धडाधड येऊन त्यावर बसले. स्पीकरमधून डेपोचं हसू.

बाईंनी स्टिअरिंग सोडलं. "हात कुणी लावला?"

 पुतणीचा चेहरा पांढरा. भाऊजी उभे राहिले. पळून जाणाऱ्यांतले ते नाहीतच, तेवढं कबूल करते.

"मी. सिंक बंद होतं तुमचं. चालू केलं."

"मिचमिचतोय तो."

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? पण वर्षानुवर्षं जे हात लिहितात तेच तोंड बोलतं. भाऊजी नम्रपणे, अगदी कंपनीच्या चिठ्ठीसारखे म्हणाले, "मॅडम, मॉनिटरमध्ये दोष नाही. तुम्ही एकवार डोळे तपासून घ्यावेत, ही विनंती."

हे कुणाला? बस चालवणाऱ्या बाईला!

"माझे डोळे," बाई सावकाश म्हणाल्या. "अहो, मी धुक्यात, पावसात, समोरून दारू पिऊन येणाऱ्यांच्या तोंडावरून बस काढलीय. पोटात एवढी माणसं घेऊन. कुणाला ओरखडा नाही. आणि तुम्ही माझ्या घरात, माझ्या चहाचा कप हातात धरून, मला न विचारता माझ्या वस्तूला हात लावता आणि वर माझे डोळे काढता?" मग पुतणीकडे वळल्या. "तू मला आवडलीस, मुली. खरंच. पण असा व्याही मी रोज सोसायचा?"

मुलगा म्हणाला, "आई..." आणि उभा राहिला. पुतणीने त्याच्याकडे बघून मान हलवली. नको. मला कळलं ती आता काय म्हणणार ते. ती पर्स उचलायलाच वाकली होती, पण वाकता वाकता थांबली. तिच्या बापाचाच हट्ट तिच्या मानेत चढलेला मला दिसला.

"बाबा, तिथे बसा," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्या खुर्चीवर. ट्रक चालवा. तुमचं म्हणणं आहे ना दोष नाही? मग बोगद्यातून काढा."

"मी? मला नाही येत, हा पोरखेळ..."

"बाबा, बसा!"

भाऊजी बसले. पुढे जे झालं त्याला चालवणं म्हणणार नाही. ट्रक आधी मागे गेला. मग एका टपरीत शिरला. विहीणबाईंचा संताप होता तिथेच होता, पण चुकीचं चालवणारा माणूस डोळ्यांपुढे बघणं त्यांच्या रक्तातच नाही.

"अहो, आवळू नका एवढं! तुमच्या बायकोचा हात आहे का तो?"

"माझा हात इतका घट्ट कधी धरला नाहीत हो," जाऊ म्हणाली. मी चाट पडले. जाऊ!

"डावीकडे घ्या. डावीकडे, अहो, जेवणाचा हात नाही तो. हां. आता हळू. आला बोगदा."

बोगद्यात शिरताच पडदा लखलखला, विझला, लखलखला. भाऊजींनी ट्रक थांबवला. मधोमध. मागच्या ट्रकांचे भोंगे सुरू झाले. स्पीकरमधून कुणीतरी म्हणालं, "बाई, झोपलात का?" भाऊजी ढिम्म. मग ट्रक कसाबसा मागे घेऊन उजेडात नेला. लखलख बंद. परत आत. सुरू. परत बाहेर. शिव्या येत होत्या, त्यांना ऐकू येत नव्हत्या. त्यांनी खालचं बटण चाचपलं, सिंक बंद केलं. मिचमिच थांबली, बोगद्याची भिंत मधोमध फाटली. चालू केलं, भिंत सांधली आणि मिचमिच आली.

"पट्ट्या एका चालीने चालतात," ते स्वतःशीच बोलले. "इथे चाल बदलते. अंधारात चित्रं रखडतात, हा तेवढा वेळ थांबू शकत नाही. स्वस्तातला आहे. घाबरून तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवतो आणि उजेड हलतो." मग एकदम म्हणाले, "साहेबांना माहीत होतं. म्हणून बंद ठेवून पाठवतात."

"काय?" बाई म्हणाल्या.

"दोष आहे."

जावेने माझा दंड धरला. संसारात इतकी वर्षं झाली, हे दोन शब्द तिने या तोंडून ऐकले नव्हते.

"कशात? माझ्या डोळ्यांत?"

"नाही. मॉनिटरमध्ये. तुमचे डोळे उत्तम आहेत. माझं चुकलं."

"मोठ्याने म्हणा. डेपो ऐकतोय."

भाऊजींनी घसा खाकरला आणि स्टेशनवरच्या घोषणेसारखं म्हणाले, "मॉनिटरमध्ये दोष आहे. डोळ्यांत नाही."

 स्पीकरमधून एक जाडा आवाज आला, "कोण बोलतंय हो? माझ्याकडे हाच मॉनिटर होता. परत पाठवला तर कुणा शहाण्याने चिठ्ठी लावून धाडला, म्हणे डोळे तपासा! मी चष्मा केला, साहेब. चष्म्यातून आणखी स्वच्छ मिचमिचायला लागला!"

"ती चिठ्ठी," भाऊजी म्हणाले, "मीच लिहिली होती."

डेपो फुटला. कोण हसतंय, कोण भोंगा वाजवतंय. विहीणबाईंनी राग धरून ठेवायचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग सगळ्याच. डोळे पुसत त्या पुतणीला म्हणाल्या, "चूक कबूल करायला तुझ्या बाबांना एक बोगदा लागला. तुला काय लागतं?"

"मला काही लागत नाही. मी चुकत नाही."

"मग जमेल आपलं," बाई म्हणाल्या. "निदान भांडण तरी बरोबरीचं होईल." मुलगा अजून उभाच होता. त्याला मी खाली बसवलं.

इथे मी थांबले असते, पण भाऊजी थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "अहो, मग आम्ही बंद कशाला ठेवतो? तुमच्यासारखे लोक चालू करत फिरतात, म्हणून तर परत येतात." भाऊजींनी मागणी केली की तपासणीच्या खोलीत एक खेळ ठेवा, पट्ट्यांचा उपयोग नाही. त्यावर लेखी उत्तर आलं की कामाच्या जागी खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे. हे उत्तर ज्या कागदावर आलं त्याच्या डोक्यावर कंपनीचं बोधवाक्य छापलेलं होतं: 'खेळा बिनधास्त.'

मग भाऊजींनी साहेबांकडे रीतसर परवानगी मागितली की परत आलेला माल बाहेर नेऊन तपासू का. साहेबांना ते खोलीत नकोच होते. म्हणाले, "बघू." या वेळी भाऊजींनी त्याचा अर्थ 'हो' असा लावला आणि माल विहीणबाईंकडे नेला. बाई प्रत्येक मॉनिटर बोगद्यातून काढतात. भाऊजी शेजारी स्टुलावर बसून चिठ्ठ्या लिहितात: दोष आहे, दोष आहे, थोडा दोष आहे. त्यावरून दोघं भांडतात. 'थोडा' ला बाईंचा विरोध आहे. परवा कुणा ग्राहकाच्या मॉनिटरवर त्यांनी 'बरा आहे, पण घेऊ नये' असं लिहायला लावलं. चष्मा केलेले ते गृहस्थही आता येऊन बसतात, म्हणे दुसरं मत पाहिजे. जाऊ डबा घेऊन जाते, कारण नवरा जेवायला घरी येत नाही.

लग्न झालं, व्यवस्थित झालं. गेल्या आठवड्यात पुतणी आणि तिचा नवरा माझ्याकडे आले. घरभर खोकी आहेत, म्हणाली, बैठकीत पाय ठेवायला जागा नाही. झोपायच्या खोलीतही राक्षसाचं चित्र. सकाळी दात घासताना बोगद्याचा आवाज येतो. लग्नाआधी ह्या मुलीला भीती होती की बाबांच्यामुळे आपल्याला त्या घरात जाता येणार नाही. झालं ते अगदी तसंच. फक्त बाबा आत राहिले आणि ही बाहेर आली.

"काकू, तुमची वरची खोली रिकामी आहे ना?" तिने विचारलं. नवरा तिच्या मागे बॅग घेऊन उभा होता, गप्पच.

म्हटलं, या.